गाभ्याचं प्रकरण

मला बंद जागेची भीती वाटते, हे मी त्या संस्थेत सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला घेतलं नसतं, आणि मला तर काहीही करून घराबाहेर पडायचं होतं.

दादर पूर्वेला, मोठ्या रस्त्यापासून आत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ही संस्था आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. वाचणारे सगळे माझ्यासारखेच, नोकरीतून मोकळे झालेले. कोणाला पुण्य हवं असतं, कोणाला वेळ घालवायचा असतो. मला आठवड्यातून दोन दुपारी हव्या होत्या.

आदल्या वर्षी माझ्या नवऱ्याची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, फिरा, जिने चढा, काही बंधन नाही. हे घरी आले, हॉलमधल्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. खाली उतरायचे नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले की थोड्या वेळात हाक यायची, "अगं, आहेस ना?" मी आंघोळीला गेले की दाराबाहेर चपला वाजायच्या. "कडी लावू नकोस." भाजी आणायला गेले तर कोबी निवडताना एक फोन, पैसे देताना दुसरा, जिना चढताना तिसरा. फोनवर बोलायचं काही नसायचं. "कुठे पोचलीस?" एवढंच. मुलगी परदेशी. ती व्हिडिओवर सांगायची, "आई, तू स्वतःसाठी वेळ काढ." तिला वाटायचं वेळ कपाटात ठेवलेला असतो.

समोर टॉवरचं काम चालू होतं, त्यामुळे आमच्या खिडक्या धुळीसाठी दिवसभर बंद. दोन खोल्या, बंद खिडक्या, टीव्ही आणि आम्ही दोघं. मी चिडत नव्हते. आजारी माणसावर काय चिडायचं. पण कधीकधी गॅससमोर उभी असताना आपल्याला श्वास पुरत नाहीये असं वाटायचं, आणि मी फ्रीजचं दार उघडून उगाच त्याच्यापुढे उभी राहायचे.

"अंध मुलांसाठी आहे," असं मी ह्यांना सांगितलं. त्याला ते नाही म्हणू शकले नाहीत. "किती वेळ?" एवढं विचारलं.

स्टुडिओ हा शब्द त्या जागेला मोठाच. खोलीच्या आत लाकडाची दुसरी खोली बांधलेली होती, साधारण इमारतीच्या लिफ्टपेक्षा थोडी मोठी. भिंतींना फोम, त्यावर करडं कापड. एक टेबल, खुर्ची, माइक आणि वाचायचा दिवा. पंखा नाही, कारण त्याचा आवाज येतो. एसी होता, पण रेकॉर्डिंग चालू झालं की तोही बंद. दाराला कडेनं रबर लावलेलं. ते बंद झालं की कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं. समोर दुहेरी काचेची खिडकी, आणि तिच्यातून बाहेरची खोली दिसायची: कॉम्प्युटरचं टेबल, त्यावर हेडफोन, भिंतीला लागून एक बाकडं. संस्थेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, रेकॉर्डिंग चालू करून द्यायचे आणि आपल्या कामाला निघून जायचे.

पहिल्या दिवशी दार लागलं तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला. मी काचेकडे बघत वाचायला सुरुवात केली. वाचत असेपर्यंत बरं असायचं. वाक्य सुरू केलं की ते पुरं करावं लागतं, आणि तेवढ्यात भीती जरा मागे सरकायची. पान उलटताना परत पुढे यायची.

तिथे मला बी.ए.चं भूरूपशास्त्राचं पुस्तक मिळालं. बाकी कोणी घेत नव्हतं, कारण त्यात आकृत्या फार. माझा भूगोल दहावीनंतर सुटलेला. पण पुस्तक जितकं जाड तितके महिने जास्त, असा माझा हिशोब होता.

दोन प्रकरणं झाली असतील. एके दिवशी बाहेर आले तर बाकड्यावर एक मुलगी बसली होती. घडी केलेली पांढरी काठी मांडीवर आडवी.

"भूरूपशास्त्र तुम्हीच वाचता ना?" तिनं विचारलं.

"हो."

"काकू, तुम्ही 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असं वाचता आणि पुढे जाता. मी काय करायचं तिथे?"

मी म्हटलं, "पुस्तकात तसंच लिहिलंय गं."

"ते कळलं. पण आकृतीत काय दाखवलंय?"

ती लालबागला राहायची, चाळीत, आई आणि ती. जन्मापासून दिसत नव्हतं. हे तिनं पत्ता सांगावा तसं सांगितलं. भूगोल घेऊ नकोस, असं कॉलेजातल्या सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. नकाशे कसे वाचशील, आकृत्या कशा काढशील, मराठी घे, इतिहास घे. तिनं भूगोलच घेतला. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळे मला सांगतात, इकडे जाऊ नको, तिकडे जाऊ नको. म्हटलं, निदान कुठे काय आहे ते तरी कळू दे."

त्या दिवशीची आकृती पृथ्वीच्या अंतरंगाची होती. गोळ्यातून एक फोड कापून काढलेली, आत रंगांचे पट्टे. मी म्हटलं, "कलिंगड कापल्यासारखं आहे. वरचं साल म्हणजे भूकवच, मग जाड गर ते प्रावरण, आणि मध्ये गाभा. गाभ्याचे दोन भाग, बाहेरचा पातळ आणि आतला घट्ट."

"पातळ म्हणजे?"

"म्हणजे वितळलेलं. लोखंड आणि निकेल."

"आणि साल कलिंगडाच्या सालाएवढंच जाड?"

मी पुस्तकात पाहिलं. सालाची जाडी सरासरी पस्तीस किलोमीटर, आणि मध्यापर्यंतचं अंतर सहा हजार तीनशेच्या वर. आकृती काढणाऱ्यानं साल दिसावं म्हणून जाड काढलं होतं. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बघा, म्हणजे डोळेवाल्यांना पण चुकीचंच शिकवतात."

बाहेर इमारतीचा व्हरांडा होता, साधारण वीस फुटांचा. आम्ही तिथे गेलो. मी आकडेमोड केली आणि फरशांच्या हिशोबानं तिला चालवलं. टोकाच्या भिंतीला पृथ्वीचा मध्य मानलं. तिथून पावणेचार फूट आतला गाभा. पुढे सात फूट बाहेरचा, वितळलेला. पुढे नऊ फूट प्रावरण. ती पायानं मोजत येत होती, प्रत्येक थराशी थांबून परत मागे जात होती. शेवटी जिन्यापाशी आलो.

"आता भूकवच," मी म्हटलं आणि तिची दोन बोटं कठड्यावर आडवी ठेवली. "एवढंच. जेमतेम."

तिनं बोटं तशीच ठेवली. "ह्याच्यावर दादर, परळ, समुद्र, सगळं?"

"सगळं."

"आणि हा आपल्या मुंबईचा काळा दगड? तो किती जुना?"

मी मागच्या प्रकरणात वाचलं होतं. "साडेसहा कोटी वर्षं."

"आणि पृथ्वी?"

"साडेचारशे कोटी."

"मग तो तर परवाच आलाय राहायला."

त्या दिवशी घरी जायला उशीर झाला. फोनवर नऊ मिस्ड कॉल होते. ह्यांनी दार उघडलं आणि परत खुर्चीत जाऊन बसले. मी कुकर लावला. व्हरांड्यातल्या गोष्टी मला कोणालातरी सांगायच्या होत्या, पण टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या.

पुढे तीही माझ्या दिवशीच यायला लागली. मी वाचून बाहेर आले की रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घ्यायची आणि प्रश्न विचारायची. मला घरी अभ्यास करून यावं लागायचं. आतला थर सगळ्यात जुना असेल असं मला आपलं वाटत होतं, इमारतीचा पाया आधी भरतात तसं. पण पुस्तकात वेगळंच निघालं. लहानमोठे गोळे एकमेकांवर आदळून पृथ्वी झाली, त्या माऱ्यानं तापली, वितळली. जड लोखंड खाली बुडालं, हलका दगड वर राहिला. ह्या वाटण्या पहिल्या काही कोटी वर्षांतच झाल्या. दुधावर साय धरावी तसं वर कवच धरलं. ते मोडत राहिलं, नवं होत राहिलं. आणि अगदी आतला गाभा मात्र फार नंतर गोठला. कोणी म्हणतं शंभर-दीडशे कोटी वर्षांपूर्वी, कोणी म्हणतं त्याच्याही बरंच अलीकडे. शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तो अजूनही वाढतोय, वर्षाला साधारण एक मिलिमीटर.

"म्हणजे सगळ्यात आतलं सगळ्यात शेवटी घट्ट झालं?" तिनं विचारलं.

"हो. लोखंड आधीच बुडालं होतं. गोठायला वेळ लागला."

"आणि परीक्षेत हे विचारतील?"

"विचारतील की."

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचं ऊन असं की इमारतीत चिटपाखरू नव्हतं. मामांनी मला रेकॉर्डिंग चालू करून दिलं आणि वडाळ्याला काही काम होतं म्हणून ते गेले. नियमाप्रमाणे माझी पर्स आणि फोन बाहेरच्या टेबलावर. भूकंपलहरींचं प्रकरण होतं. पृथ्वीच्या पोटात कोणी गेलेलं नाही. भूकंपाचे हादरे ह्या टोकाकडून त्या टोकाला कसे पोचतात, त्यावरून आतलं सगळं कळलं, असं त्यात होतं. दुय्यम लहरी वितळलेल्या भागातून जाऊच शकत नाहीत, त्यावरून बाहेरचा गाभा पातळ आहे हे कळलं. दहा-बारा पानं झाल्यावर मला पाणी हवं होतं. उठले, दाराची मूठ फिरवली आणि ती माझ्या हातात आली.

आधी मला हसू आलं. मग मी मूठ परत भोकात बसवायचा प्रयत्न केला. तिचा दांडा पलीकडे घसरला होता. दाराला खांदा लावला. रबर थोडं दबलं आणि परत जागेवर आलं. मी हाका मारल्या. त्या फोमच्या खोलीत आपली हाक आपल्याच तोंडापाशी मरते. पाठीवरून घामाची धार लागली. हवा संपणार, ही एकच गोष्ट डोक्यात आली आणि मग दुसरं काही येईना. मी दारावर मूठ आपटत राहिले, ती निघालेली मूठच.

तेवढ्यात काचेतून बाहेरचं दार उघडताना दिसलं. ती आत आली. काठीची घडी केली, बाकडं हातानं चाचपलं आणि बसली.

मी काचेपाशी धावले. हात हलवले. काचेवर थापा मारल्या. ती माझ्यापासून चार-पाच हातांवर असेल. मांडीवर हात ठेवून, मान जरा खाली घालून शांत बसली होती. रेकॉर्डिंग चालू असताना बाहेर आवाज करायचा नाही, हे तिला मामांनी शिकवलं होतं आणि ती ते काटेकोर पाळायची. मी काचेच्या अलीकडे हातवारे करत होते आणि ती माझ्यासाठी आवाज न करता बसली होती. आयुष्यात इतकं असहाय्य मला कधी वाटलं नव्हतं, ह्यांच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही.

किती वेळ मी अशी उभी होते, माहीत नाही. मग टेबलावरचा माइक दिसला. त्याचा लाल दिवा चालू होता. मी बोललेलं बाहेरच्या हेडफोनमध्ये जात होतं. मी खुर्चीत बसले, तोंड माइकपाशी नेलं आणि मोठ्यानं तिला हाक मारत राहिले. तिनं मान वर केली. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून डासासारखा आवाज तिला आला असणार. ती उठली, हात फिरवत टेबलापाशी आली आणि हेडफोन कानाला लावला.

"अगं, दार अडकलंय. मूठ तुटली. मी आत अडकलेय," मी म्हटलं.

तिचे ओठ हलले. मला ऐकू येईना. आत बोलायला बाहेर एक बटण होतं. मी म्हणणार होते, हिरवं बटण. थांबले. "टेबलाच्या उजव्या कडेला एक छोटी पेटी आहे. तिच्यावर तीन बटणं आहेत. दोन चपटी आणि एक गोल, फुगीर. ते गोल दाब."

तिनं दाबलं. "काकू, ऐकू येतंय?"

ते ऐकून मला रडू आलं.

तिनं दार बाहेरून ओढून पाहिलं. मूठ नुसतीच फिरत होती. मग तिनं मामांना फोन लावला. ते सुताराला घेऊन निघतो म्हणाले, पण वडाळ्याहून यायला वेळ लागणार होता.

"हवा संपेल गं," मी म्हटलं.

"नाही संपत एवढ्यात."

"तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत. पण तुम्ही अजून बोलताय." मग ती म्हणाली, "काकू, वाचा ना. ते प्रकरण राहिलंय अर्धं."

"आत्ता?"

"मग नंतर काय करणार? आत्ता आहात ना आत."

मी पुस्तक उघडलं. अक्षरं हलत होती. पहिलं वाक्य तीनदा वाचलं. मग पुढचं. एका परिच्छेदानंतर माझ्या लक्षात आलं की मी श्वास घेतेय.

मग ती मध्येच म्हणाली, "काकू, तुमचा फोन वाजतोय. मघापासून थांबतच नाहीये."

कोणाचा, हे सांगायला नको होतं. मी अडकलेय हे कळलं तर ह्यांचं काय होईल, आणि फोन उचललाच नाही तर काय होईल, दोन्ही मला दिसत होतं.

"उचल. सांग, आत वाचतायत," मी म्हटलं.

ती फोनवर बोलताना तिचं बोट बटणावरच होतं. "काका, काकू आत वाचतायत... हो, मी बाहेर बसलेय." मग थोडी थांबली. "नाही काका, दिसत नाहीत. मला दिसतच नाही. पण ऐकू येतायत." परत थांबली. "थांबा हां." तिनं कानावरचा हेडफोन काढला आणि फोनला लावून धरला. मला मानेनं खूण केली, वाचा.

मी वाचलं. बाहेरचा गाभा, वितळलेलं लोखंड, त्याचे प्रवाह, त्यातून तयार होणारं चुंबकत्व. पान संपेपर्यंत वाचलं. मग तिनं फोन कानाला लावला, "हो," म्हणाली आणि ठेवला.

"काका म्हणाले, चालू दे."

मामा आणि सुतार आले तोवर माझा आवाज बसला होता. दार उघडल्यावर मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले. ती पाण्याची बाटली घेऊन मागे आली.

घरी ह्यांनी दार उघडलं. पायात बूट होते. किती महिन्यांनी.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. वाचत होते."

"तुझा आवाज वाचण्यासारखा नव्हता."

मग मी सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "आता नको जाऊस तिथे."

मी चिडत नाही असं मगाशी म्हटलं. त्या दिवशी चिडले. "तिथे मी एक दुपार कोंडली गेले," मी म्हटलं. "इथे वर्ष झालं. कडी लावायची नाही, फोन चुकवायचा नाही, खिडकी उघडायची नाही. तिथे सुतार तरी आला."

ते बूट न काढता खुर्चीत बसले. मी पाणी प्यायले, परत आले, तरी तसेच.

"आयसीयूत शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती," ते म्हणाले. "तू काचेपलीकडे होतीस. बाकावर. मी हाक मारतोय असं मला वाटत होतं. आवाज येत नव्हता. हात बांधलेले. तू डबा उघडलास आणि पोळी खायला लागलीस. एकदाही वर बघितलं नाहीस."

मला तो डबा आठवला. बहिणीनं दिला होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच काही खात होते.

"हे कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"काय बोलणार. तुला भूक लागली असेल."

मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. काचेतून तिच्याकडे बघत थापा मारताना मला कसं वाटलं होतं, ते सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. मग आम्ही चहा केला.

फार काही बदललं असं म्हणता येणार नाही. मी पुढच्या आठवड्यात परत गेले. दाराला नवी मूठ बसवली होती, तरी मी एक खुर्ची दारात अडकवून वाचलं आणि रेकॉर्डिंगमध्ये बाहेरच्या रिक्षावाल्यांच्या... नाही, दादरला रिक्षा कुठल्या. टॅक्सीचे हॉर्न आले. मामा कुरकुरले, मग मी दार लावून वाचायला लागले. भीती आहे तिथे आहे. ह्यांचे फोन येतात, पण पूर्वीपेक्षा कमी. कडी मी अर्धी लावते. कधी संध्याकाळी हे कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात, कधी जिन्यातून परत फिरतात, आणि त्या दिवशी घरात परत तेच जड वाटायला लागतं.

तिनं परीक्षा लेखनिक घेऊन दिली. अंतरंगावर प्रश्न आला होता. आकृती काढा असंही होतं. तिनं अंतरं शब्दांत लिहवून घेतली. त्याला मार्क मिळतील का, ह्याची तिला खात्री नव्हती.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये होते. ह्यांनी उचलला. मी बाहेर आले तरी बोलत होते. ठेवल्यावर म्हणाले, "फर्स्ट क्लास आला तिला. पुढे एम.ए. भूगोल करायचं म्हणतेय. सर परत नको म्हणतायत."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, कर," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.